गोळेश्वरचं पदक



गावच्या जत्रेतली कुस्ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तांबडी माती, तिच्यात मुरवलेलं ताक, तेल, लिंबू नि हळद. बाजूला हलगीचा कडकडाट. एकाची पाठ मातीला लागली, म्हणजे निकाल लागला. मग हरलेल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही आणि जिंकलेल्याच्या फेट्याला नोटा बांधायला कोणी मागं राहत नाही.

आज ज्यांची हकिकत सांगायची आहे, ते पैलवान अशाच मातीतले. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचं लहानसं गाव आहे. 15 जानेवारी 1926 रोजी तिथं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, तेव्हा पहिली तालीम घरातलीच. पुढं 1952 साली फिनलंड देशात हेलसिंकी इथं ऑलिम्पिक सामने झाले, त्यांत खाशाबांनी कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूनं मिळवलेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत येते, मुलं ती पाठ करतात नि पुढं जातात. पण त्या ओळीमागं एक गहाण पडलेलं घर आहे, ते मुलांना ठाऊक नसतं. म्हणून ही हकिकत जरा सविस्तर सांगतो.

खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचं माहेरघर. तिथं त्यांच्या डावांना धार आली. ‘ढाक’ हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याचं डोकं काखेत पकडायचं आणि त्याला उलथून टाकायचं. अंगानं खाशाबा काही आडदांड नव्हते. उंची बेताची, वजनही बेताचं; पण चपळाई अशी, की प्रतिस्पर्ध्याला पकड घ्यायला सवडच मिळू नये.

1948 साली लंडनला ऑलिम्पिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा विलायतेला गेले. तिथं गेल्यावर कळलं, की खेळ जरी कुस्तीचा असला तरी घर परक्याचं आहे. पायाखाली माती नव्हती, गादी होती. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. आपल्याकडं चीतपट झाल्याशिवाय हार नाही. तिथं मात्र घड्याळ लावलेलं, पंच बसलेले, आणि पाठ न लागताही गुणांवर कुस्ती जायची. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकानं त्यांना गादीवरच्या कुस्तीची रीत दाखवली. तेवढ्या शिदोरीवर खाशाबा 52 किलो वजनाच्या गटात सहावे आले. पहिल्याच खेपेला सहावा क्रमांक ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. पण त्यांना त्यात समाधान नव्हतं. गावी परतल्यावर त्यांनी मेहनत वाढवली आणि 57 किलोच्या वरच्या गटात उतरायचं ठरवलं.

आता प्रश्न आला पैशाचा. 1952 साली हेलसिंकीला जायचं, तर हजारो रुपये हवेत. शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम कुठली? मुंबई सरकारकडे मदतीची मागणी झाली, पण ते दार सहजासहजी उघडलं नाही. पुढं सरकारकडून 4000 रुपये मिळाले, पण त्यानं भागणारं नव्हतं. तेव्हा खाशाबांनी आणि घरच्यांनी गावोगाव हिंडून वर्गणी मागितली. कोणी रोख दिलं, कोणी शिधा दिला. तरीही तोंडमिळवणी होईना. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढं आले. त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि 7000 रुपये उभे केले.

श्रोत्यांत शिक्षक मंडळी पुष्कळ असतील. त्यांनी क्षणभर विचार करावा. विद्यार्थी पदक आणीलच, याची हमी कोणी दिली होती? तो हात हलवीत परत आला असता, तर घर गेलं असतं. एवढं ठाऊक असून एका गुरुजींनी ते केलं.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पैलवानांना लोळवलं. जर्मनीच्या पैलवानावर त्यांनी गुणांवर मात केली. चार वर्षांपूर्वी ज्या गुणांच्या हिशोबानं गोंधळायला झालं होतं, तोच हिशोब आता त्यांना जमू लागला होता. त्यानंतर दोन मोठ्या कुस्त्या समोर आल्या. एक जपानच्या शोहाची इशी यांच्याशी, दुसरी सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी.

या इशींची गोष्ट मोठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते मूळचे ज्युडोचे खेळाडू. ज्युडो म्हणजे आपल्या कुस्तीची लांबची बहीणच म्हणा ना! अंगावरच्या जाड अंगरख्याला धरायचं, समोरच्याचा तोल मोडायचा आणि त्याला पाठीवर आदळायचं. जिगोरो कानो या शिक्षकानंच 1882 साली टोकियोत ज्युडोची शाळा काढली होती. पण महायुद्धात जपान हरला, अमेरिकन फौजेचा अंमल बसला आणि शाळांतून ज्युडोला बंदी झाली. तेव्हा इशी ज्युडो सोडून गादीवरच्या कुस्तीकडे वळले. म्हणजे पाहा, एक गडी तांबड्या मातीतून आलेला, दुसरा ज्युडोच्या चटईवरून. दोघांनी आपापली घरची विद्या परक्या नियमांत बसवली आणि दोघे समोरासमोर आले. त्या दिवशी इशी सरस ठरले. हेलसिंकीत जपानला एकच सुवर्णपदक मिळालं, ते या इशींचं.

मामेदबेकोव यांच्याकडूनही खाशाबांना हार पत्करावी लागली. या दोन लढतींविषयी एक गोष्ट आजही सांगितली जाते. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मिळाली नाही. नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेल्या अंगानं खाशाबा तसेच पुन्हा उभे राहिले. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण बाजू मांडायला आपलं माणूस असावं, एवढं तरी खरं.

मामेदबेकोव यांना रौप्यपदक मिळालं आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती 23 जुलै 1952. त्याच सामन्यांत कोल्हापूरच्याच माणगाव्यांनी वरच्या वजनगटात चौथा क्रमांक मिळवला. त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. तेव्हा खाशाबांचं यश हा काही एकाएकी पडलेला पाऊस नव्हता. त्या मातीची मशागत आधीपासून चाललेली होती.

खाशाबा परतले, तेव्हा कऱ्हाड स्टेशनावर लोक लोटले. 151 बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासात संपणारी वाट त्या दिवशी सात तास पुरली. ज्या लोकांनी वर्गणी दिली होती, तेच गाड्या घेऊन आले होते. पदक जितकं खाशाबांचं होतं, तितकंच त्यांचं होतं.

पण खाशाबा मिरवणुकीत रमून राहिले नाहीत. गुरुजींचं घर गहाण आहे, हे ते विसरले नव्हते. त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, आलेले पैसे खर्डेकरांच्या हवाली केले आणि घर सोडवायची वाट करून दिली. हेलसिंकीच्या पदकाइतकीच ही कुस्तीही मोलाची, असं मला वाटतं.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गुडघ्याच्या दुखापतीमुळं त्यांना जाता आलं नाही. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. गोळेश्वरच्या घराचं नाव त्यांनी ‘ऑलिम्पिक निवास’ असं ठेवलं होतं. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, पण मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. गावानं सात तासांत जे दिलं, ते द्यायला देशाला एवढा काळ लागला.

अशा पदकाची वाट पाहणं किती अवघड, तेही ऐका. भारताच्या एकट्या खेळाडूला पुढलं ऑलिम्पिक पदक मिळालं ते 1996 साली, टेनिसपटू लिअँडर पेस यांच्या हातून. मधे 44 वर्षं गेली. महाराष्ट्राला तर 72 वर्षं थांबावं लागलं. 2024 साली पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक घेतलं. तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे, खेड्यातलेच; पण त्यांना आपल्या पुण्याच्या बालेवाडीत सरावाची सोय होती आणि रेल्वेची नोकरी होती. हा फरक ध्यानात घ्यावा. गुणी पोर तेव्हाही खेड्यात जन्मत होतं, आजही जन्मतं. त्याच्या पाठीशी कोण उभं राहतं, यावर पुढचं ठरतं.

2023 साली महाराष्ट्र सरकारनं 15 जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस ‘राज्य क्रीडा दिन’ म्हणून जाहीर केला. त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीला हार पडेल. शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती, की मुलांना पदकाची गोष्ट सांगताना गहाण टाकलेल्या घराची आणि ते सोडवणाऱ्या शिष्याचीही गोष्ट सांगा. आणि मग आपल्याच वर्गातल्या मागच्या बाकाकडे एकदा नजर टाका. शाळा सुटल्यावर तालमीकडं धूम ठोकणारं एखादं पोर तिथं बसलेलं असेल.