पंप बदलण्याआधी पाण्याची वाट तपासा

मोटरहोममधल्या शॉवरची धार बारीक पडली की सल्ला ठरलेला असतो : पंप मोठा बसवा. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून कास, महाबळेश्वर, तापोळा अशा ठिकाणी राहती गाडी घेऊन जाण्याची हौस वाढली. हौसेबरोबर हा सल्लाही फिरतो आहे. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे.

पूर्वपक्षात तथ्य अजिबात नाही, असे नाही. शॉवरला जोर दाबामुळे येतो आणि दाब पंप देतो. मग पंप दुबळा असला तर धारही दुबळीच असणार. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला तर हे सहज पटते. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने इथल्या शेतकऱ्याला पंपाची भाषा शिकवली. पण त्याच शेतकऱ्याला हेही ठाऊक असते, की पंपाच्या पाटीवर हेड आणि डिस्चार्ज असे दोन वेगळे आकडे असतात. पाणी जितक्या जास्त दाबाविरुद्ध ढकलायचे, तितके ते कमी येते. मोठ्या पंपाचा सल्ला देताना नेमका हा दुसरा आकडा नजरेआड होतो.

गाडीतला 12 व्होल्टचा पंप साधारण दोन ते तीन किलो दाबाला आपोआप बंद होतो. शॉवरला एवढा दाब भरपूर असतो. तो वाटेत खर्च होतो : बारीक पाइपात, एल्बोत, तुंबलेल्या जाळीत, दुमडलेल्या होजमध्ये. शिवाय घर्षणातला तोटा प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुंबलेल्या वाटेतून दोन किलो दाबाने मिनिटाला 5 लिटर पाणी येत असेल, तर 10 लिटरसाठी आठेक किलो दाब लागेल. गाडीतले पंप एवढा दाब देत नाहीत, आणि दिलाच तर आधी जोड गळू लागतील. उलट पाइपाचा आतला व्यास 10 ऐवजी 12 मिलिमीटर केला, तर तेवढ्याच प्रवाहाला त्या पाइपातला तोटा सुमारे अडीच पटीने घटतो.

दुसरा आक्षेप विजेचा. सात अँपिअर ओढणाऱ्या पंपाला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन 12 मीटर धावली, तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो आणि पंप मंदावतो. त्याच वायरवर मोठा पंप बसवला की करंट वाढतो आणि ही घटही वाढते. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर आहे तोच पंप जोर धरतो.

काही जण टाकी टपावर न्यायला सांगतात आणि साताऱ्याचा दाखला देतात. कासचे पाणी साताऱ्याला उताराने येते, हे खरेच. पण कास पठार सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे आणि सातारा शहर 700 च्या आसपास. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, हा हिशोब आहे. टपावरची टाकी शॉवरपेक्षा अर्धा मीटर उंच असली, तर तिच्यामुळे मिळणारा दाब किलोचा विसावा भाग. सपाटीवरच्या सांगलीला कृष्णेचे पाणी पंपाने उंच टाक्यांत चढवावे लागते, त्याचेही कारण हेच.

मग करावे काय? आधी पंपाचा आवाज ऐका. शॉवर पूर्ण उघडा असताना पंप टक-टक करत सारखा चालू-बंद होत असेल, तर तो पूर्ण दाब देतो आहे आणि अडथळा पुढे आहे. तिथे मोठा पंप फक्त अधिक वेगाने टकटकेल. पंप अखंड चालत असूनही धार बारीक असेल, तर दोष मागे शोधा : टाकीकडच्या जाळीत, हवा ओढणाऱ्या जोडात किंवा वायरीत. जाळी उघडली की टाकीला भोक पाडताना उडालेला प्लॅस्टिकचा कीस आणि बुळबुळीत थर पुष्कळदा तिथेच सापडतो. तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकचे पाणी कमी झाले, तर जाणता बागायतदार आधी फिल्टर धुतो, मोटर बदलत नाही. शॉवरलाही तोच न्याय लावावा. क्षाराच्या बोअरचे पाणी टाकीत भरत असाल, तर शॉवरची भोकेही बुजतात; ती व्हिनेगरमध्ये भिजवून साफ होतात.

जाळी, जोड, पाइप, वायर, शॉवर हे सगळे ठीक असूनही पाणी कमी पडत असेल, तर मात्र पंप खरोखरच लहान आहे आणि तो बदलावा. तेव्हाही टाकी आठवा. 100 लिटरच्या टाकीवर मिनिटाला 10 लिटरचा शॉवर दहा मिनिटांत सगळे पाणी संपवतो. राहत्या गाडीला बारीक भोकांचा, कमी पाण्यात जोर देणारा शॉवरच शोभतो.

म्हणून पंपाला पैसे मोजण्याआधी शॉवर काढून होजखाली पाच लिटरचे भांडे धरा आणि घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात ते भरले, तर दोष शॉवरचा आहे. नाही भरले, तर वाट तपासत मागे जा. पंपाची पाळी सर्वांत शेवटी.