कायदा तोच, दार तेच

साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मधला. पुण्यात तेव्हा प्लेग होता. रँडसाहेबाचे गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरत, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. लोक आजारी माणूस लपवू लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या होत्या.

मार्च २०२० मध्ये करोना आला आणि तोच जुना कायदा पुन्हा आम्हा कारकुनांच्या फायलींत उतरला. सांगणे मात्र उलटे: घरातच राहा!

मंडळी, आजार लपवायचा की कळवायचा, हे माणूस कायदा वाचून ठरवत नाही. दाराशी कोण आणि कसा आला, ते पाहून ठरवतो.