दीडशेचा गॉगल

परवा नगर रोडने गावी जाताना शिक्रापूरच्या चाकण चौकात चहाला थांबलो. रस्त्याकडेला एक पोरगा गॉगल मांडून उभा होता. भाच्याने दीडशे रुपयांचा काळाकुट्ट गॉगल घेतला. तो रोज बाईकवर रांजणगावला कामाला जातो. मला एकदम आजी आठवली.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९८७ साली एका शिबिरात झालं. तेव्हा शिबिरांत गढूळ झालेलं भिंग काढून टाकत, बदली भिंग सहसा बसवत नसत. आधी काही दिवस काळा चष्मा, मग कायमचा जाड भिंगांचा. एकदा तो खळ्यात पायाखाली आला. पैसे जमून नवा येईपर्यंत तीन आठवडे आजी ओट्यावर बसून होती. चष्मा नाही म्हणजे जगच नाही!

गंमत म्हणजे गॉगल आणि डोळ्यातलं भिंग, दोन्हींच्या गोष्टीत वैमानिक आहेत. १९३७ साली बाजारात आलेला रे-बॅनचा एव्हिएटर मुळात त्यांच्यासाठीच. पुढे महायुद्धात विमानाच्या काचेचे ॲक्रिलिक कण वैमानिकांच्या डोळ्यात गेले, तरी डोळ्याने ते सोसले. हे पाहून हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आपल्याकडे ते सामान्यांच्या आवाक्यात यायला मदुराईची ऑरोलॅब १९९२ मध्ये सुरू व्हावी लागली. आजीला त्याचा उपयोग झाला नाही. आईला झाला.

स्वस्त गॉगलही काही आजचा नाही. सॅम फॉस्टरने १९२९ मध्येच अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर साधे सेल्युलॉइडचे गॉगल विकायला काढले होते. म्हणजे स्वस्त असणं हा दोष नव्हेच. फसवतो तो काळेपणा. अंधाराने बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते आत शिरतात. मोतीबिंदूच्या कारणांत हे किरणही आहेत.

म्हणून भाच्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. त्यांनी यंत्रावर गॉगल तपासला. नापास! मग तिथेच चारशेचा, बिननावाचा, फिकट करड्या काचांचा घेतला. 'यूव्ही ४००' लिहिलेला, आणि यंत्रावरही पास झालेला.

"मामा, हा काळा दिसत नाही," भाचा कुरकुरला.

असू दे. तुम्हीही घ्याल तेव्हा रंग आणि नाव नंतर बघा, आधी तेवढं तपासून घ्या.