फर्दापूरची सराई

तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश जिथे संपतो आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ जिथे सुरू होतो, नेमक्या त्या पायथ्याशी फर्दापूर वसलेले आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ मध्ये, औरंगाबाद हे नाव मिळाले आणि दख्खनच्या कारभाराचे केंद्र बुऱ्हाणपुराहून हळूहळू त्या शहराकडे सरकले. तेव्हापासून या दोन नगरांना जोडणारा रस्ता हा फौजा, खजिने, व्यापारी काफिले, कासीद आणि फकीर या सर्वांचा राजमार्ग झाला. आणि दक्षिणेकडे जाताना घाट चढण्यापूर्वी जनावरांना विसावा देण्याची शेवटची, तर उत्तरेकडे जाताना घाट उतरून दम घेण्याची पहिली जागा होणे हे या गावाच्या वाट्याला आले. आज अजिंठ्याची लेणी पाहण्यास येणारा प्रवासी फर्दापुराला वाहन बदलण्याचा फाटा म्हणून ओळखतो. औरंगजेबाच्या नावाशी जोडली जाणारी एक प्रशस्त सराई या गावात आहे, ही वार्ता त्याच्या कानी क्वचितच जाते. बादशाही वैभवाची खूण म्हणून तिचे मोल थोडे आहे. परंतु गिऱ्हाईक ओळखून त्याच्या गरजेप्रमाणे क्षणात आकार बदलणारी व्यवस्था म्हणून पाहू लागलो, तर तिच्यात फार मोठे शहाणपण साठवलेले दिसते.

साकी मुस्तैदखानाच्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या फारसी तवारिखेत औरंगजेबाच्या एका हुकुमाची नोंद आहे. औरंगाबाद ते आग्रा आणि लाहोर ते काबूल या मार्गांवर ज्या मजलेला सराई नसेल, तिथे सरकारी खर्चाने दगड-विटांची पक्की सराई उभारावी, तिच्यात बाजार, मशीद, विहीर आणि हमामखाना असावा आणि जुन्या सरायांची डागडुजी करावी, असा त्याचा आशय आहे. यात बादशहाने एका भव्य इमारतीची आज्ञा दिलेली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने ठरावीक अंगांचा एक संच सांगितला आणि तो मजलेमागून मजल पुन्हा उभा करावयास लावला. प्रत्येक सराई स्वतःपुरती पूर्ण होती. एखादी दुष्काळाने ओस पडली किंवा लुटली गेली, तरी पुढची चालू राही, कारण एकीचा कारभार दुसरीवर अवलंबून नव्हता. मात्र सर्वांची घडण सारखी असल्यामुळे बुऱ्हाणपुराचा सौदागर कोणत्याही अनोळखी दरवाजातून आत शिरला, तरी पाणी कुठे, चारा कुठे आणि निजायचे कुठे, हे त्याला विचारावे लागत नसे.

आतली रचनाही त्याच तत्त्वाची होती. चौरस तटबंदी, भव्य दरवाजा, मध्ये मोकळे आवार आणि तटाच्या आतल्या अंगाने सारख्या मापाच्या कमानदार ओवऱ्यांची रांग, हा मोगल सराईचा सर्वसाधारण नमुना होय. ओवरी हा त्यातला मूळ घटक. एकटा कासीद आला तर त्याला एक ओवरी पुरे; कुटुंबकबिल्यासह मन्सबदार उतरला तर लागोपाठच्या काही ओवऱ्यांना कनाती लावून जनाना आणि दिवाणखाना सिद्ध होई; आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओवऱ्यांत मिठाच्या किंवा कापसाच्या गोण्यांची थप्पी लागे. स्वयंपाक, बिछाना आणि चाकरी हे भटियारे आणि भटियारणी यांचे काम. चारा विकणारा निराळा, नालबंद निराळा, चौकीदार निराळा. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे आणि तेवढ्याचेच दाम द्यावे. स्वतःचा आचारी बाळगणाऱ्या, सोवळे पाळणाऱ्या व्यापाऱ्याला भटियाऱ्याची गरज नसे, आणि त्यामुळे त्याच्या मुक्कामाला कोणताही अडथळा येत नसे.

या व्यवस्थेची शिस्त मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने वर्णिली आहे. एकेका सराईत आठशे ते हजार माणसे, शिवाय घोडे, उंट आणि गाड्या मावत, असे तो सांगतो. सायंकाळी दरवाजे बंद होत. पहाटे ते उघडण्यापूर्वी पहारेकरी तीनदा पुकारा करून प्रत्येकाला आपापली चीजवस्तू पाहून घ्यायला सांगे, आणि काही हरवल्याची तक्रार आली तर माल सापडेपर्यंत दार उघडत नसे. बर्निए या फ्रेंच प्रवाशाचा अनुभव असा सुखद नाही. या सराया म्हणजे माणसे, घोडे, खेचरे आणि उंट यांची एकत्र गर्दी असलेली मोठी कोठारेच, असे त्याने लिहिले आहे. दोघांचेही म्हणणे खरे असले पाहिजे. सराईने ऐषआराम कधीच कबूल केला नव्हता. तिने सुरक्षितता, पाणी आणि जागा कबूल केली होती.

सराईच्या भिंतींत मावत नसे असे एकच गिऱ्हाईक होते, आणि ते म्हणजे लमाणांचा तांडा. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये आग्र्याच्या मार्गावर चौदा हजार बैलांचा एकच तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. ताव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे की, या लोकांचे चार वर्ग असून एक केवळ धान्य, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ वाहतो. नायकाच्या हुकमतीखाली चालणारा हा तांडा मुळात एका माणसाचा, त्याच्या बैलांचा आणि त्यांच्या पाठीवरच्या गोण्यांचा गुणाकार होता. म्हणून त्याला तोडता येई, जोडता येई आणि भाव जिकडे चढेल तिकडे वळवता येई. पैशाचा व्यवहार त्याहून अलग होता, कारण सराफाची हुंडी बुऱ्हाणपुरात लिहून औरंगाबादेत पटवता येई आणि मालाबरोबर रोकड नेण्याची जोखीम टळे. असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांच्या फौजेशी लढाई झाल्यानंतर इंग्रज सेनापती वेलस्लीचे सैन्य ऑक्टोबरात अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापुराशी आले, तेव्हा त्याच्या रसदेचा मोठा भार या लमाणांवरच होता. ज्या वाटेने मोगलांचा दाणागोटा गेला, त्याच वाटेने इंग्रजांचाही गेला, हे आपल्या इतिहासातील दुःखद सत्य होय. तथापि व्यवस्थेच्या सामर्थ्याची ती निर्विवाद साक्षही आहे.

आज उद्योगधंद्यांसाठी संगणकप्रणाली रचणारे ज्याला ‘मॉड्यूलर’ रचना म्हणतात, ती याच विचाराची नवी आवृत्ती आहे. हिशेब, साठा, देयके, पाठवणी आणि ग्राहकाची तक्रार ही सर्व कामे एकाच अखंड प्रणालीत गुंफली, तर एखादा दर बदलण्यासाठीही सारा डोलारा थांबवावा लागतो. उलट प्रत्येक काम स्वतंत्र घटकाकडे देऊन त्यांचे सांधे आधी निश्चित केले, तर एक घटक बदलताना दुसऱ्याला धक्का लागत नाही आणि गिऱ्हाइकाची नवी मागणी लवकर पुरी करता येते. याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, तेव्हा फर्दापूर फाट्यावर रंगीत स्फटिक विकणाऱ्या छोट्या दुकानदाराला वहीखाते बदलावे लागले नाही की मालाची मांडणी बदलावी लागली नाही; क्यूआर कोडाचा एक कागद दर्शनी भागी चिकटवला की कोणत्याही बँकेचे आणि कोणत्याही ॲपचे गिऱ्हाईक त्याच्याकडे पैसे देऊ शकते. हुंडीने वाहतुकीपासून पैसा वेगळा केला होता, तेच काम इथे अधिक वेगाने झाले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेशातून भुसावळला पोचला आणि बैलांच्या वाटेचे महत्त्व ओसरले. तरीही फर्दापूर मेले नाही, कारण २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणी पडल्यापासून गावाला नवे गिऱ्हाईक मिळाले होते. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेला रॉबर्ट गिल घाटमाथ्यावर अजिंठा गावी राहिला. पुढे पाचोरा-जामनेर या अरुंद मापाच्या रेल्वेने पहूरला उतरून येणाऱ्या प्रवाशांना निजामाच्या राज्यातील फर्दापूरचे विश्रामगृह जवळ पडू लागले.

गेल्या काही दशकांत जपानच्या कर्जसाहाय्याने इथे मोठी कामे झाली. फाट्यावर खासगी गाड्या थांबवून प्रवाशांना बसने लेण्यांपर्यंत नेण्याची योजना लेण्यांच्या दृष्टीने हितकर ठरली, कारण धूर आणि गर्दी दूर राहिली; आणि ही योजनाही गाडीतळ, दुकाने आणि बस अशा सुट्या अंगांचीच आहे. मात्र २०१३ मध्ये उघडलेले, चार लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य अभ्यागत केंद्र वीज-पाण्याच्या थकबाकीमुळे काही वर्षांतच बंद पडले. एकाच छपराखाली, एकाच खर्चावर सर्व काही बांधले की एक देयक थकताच सर्व काही थांबते. त्याचे दालनांनुसार स्वतंत्र भाग केले असते, त्यातले काही स्थानिक कारागिरांच्या आणि शाळांच्या हाती सोपवले असते, तर ते चालू राहिले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरातत्त्व खात्याने फर्दापूरच्या सराईची ओवरीनिहाय मोजणी करून तिचा नकाशा मराठीत प्रसिद्ध करावा, आणि लेणी पाहण्यास जाणाऱ्या वाचकांनी फाट्यावरची बस पकडण्यापूर्वी गावात जाऊन ही सराई अवश्य पाहावी, अशी माझी विनंती आहे.