गरिबाचें औषध आणि गरिबाचा वकील

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागांत, दापोलीपासून सुमारें १६ किलोमीटरांवर, हर्णे हें बंदर आहे. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे लहान किल्ले, आणि वाळूवर भरणारा मासळीचा लिलाव, अशी ह्या गांवाची ख्याति. येथील किनारा उथळ. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या नौका दूर नांगर टाकून उभ्या राहत आल्या आणि मासळी लहान होड्यांतून व पुढें बैलगाड्यांतून लिलावापर्यंत येत आली. नौका कितीहि भरलेली असो, होडी गेल्यावांचून एक टोपलीहि किनाऱ्यास लागत नसे. गरिबांच्या औषधोपचारांसंबंधीं झालेल्या कायद्यांचा इतिहास बराचसा असाच आहे. कायदे झाले, योजना झाल्या. परंतु त्यांचें फळ आजारी माणसाच्या दारापर्यंत आणणारी होडी फार उशिरां मिळाली. ती होडी म्हणजे विनामूल्य विधिसाहाय्य.

जुन्या काळीं गरिबाला न्यायालयांत एकच सवलत होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनें, फी भरण्याची ऐपत नसलेल्या माणसाला फीवांचून दावा लावण्याची मुभा दिली. ह्यालाच लोक नादारीचा दावा म्हणत. पण ही माफी केवळ सरकारी फीची होती. अर्ज कोणीं लिहावा, पुरावा कसा मांडावा, हें सांगणारा वकील त्या सवलतींत नव्हता.

कोंकणच्या माणसाला ह्या बाबतींत पहिला आधार मिळाला तो कोंकणांत नव्हे, तर मुंबईंत. रत्नागिरी जिल्ह्यांतून हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत पोटासाठीं गेलीं. त्यांच्या वस्त्यांत काम करण्यासाठीं, मूळचे कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे नारायण मल्हार जोशी ह्यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. शाळा, वाचनालयें व सहकारी पतपेढ्या ह्यांच्या जोडीला औषधोपचार आणि निरक्षर गरिबांना कायद्याचा सल्ला हीं दोन्हीं कामें ह्या एकाच संस्थेनें अंगावर घेतलीं. ह्यांत मोठें शहाणपण होतें. आजार आला कीं रोजगार बुडतो, भाडें थकतें, सावकार दारीं येतो. आणि मग जें दुखणें वैद्याकडे सुरू झालें तें कचेरींत जाऊन पोहोंचतें. पुढें १९२४ सालीं मुंबईंत बाँबे लीगल एड सोसायटी निघाली.

ह्याच सुमारास कामगाराच्या शरीरस्वास्थ्याविषयीं कायदे होऊं लागले. १९२३ सालीं अपघाताबद्दल नुकसानभरपाईचा कायदा झाला. १९२८ सालीं मुंबई विधिमंडळांत प्रसूतिरजेच्या विधेयकाचा पुरस्कार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं केला; त्यांचें बालपण कांहीं काळ दापोलीस गेलें होतें. पुढच्याच वर्षीं तो कायदा संमत झाला. डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारांत मजूरमंत्री असतां प्रा. अडारकर ह्यांनीं १९४४ सालीं कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, आणि त्यांतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मास आला. तंट्यांसाठीं त्यांत निराळें विमा न्यायालयहि योजिलें होतें.

गिरणीच्या हजेरीपटावर नांव असलेल्या भावाला ह्या रीतीनें औषध मिळूं लागलें. पण हर्णेस राहून तांडेलाच्या हाताखालीं जाळें ओढणाऱ्या भावाचें काय? त्याला हजेरीपट नाहीं, पगारपत्रक नाहीं, विम्याची वर्गणी नाहीं. समुद्रावर त्याचा हात मोडला तर नाखव्याची भलाई आणि घरांतली एखादी सोन्याची फुली हाच त्याचा विमा.

ही उणीव भरून निघण्यास दोन वाटांनीं काम झालें. पहिली वाट विधिसाहाय्याची. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्या. एन. एच. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखालीं ह्या प्रश्नावर समिति नेमली. १९७६ सालीं राज्यघटनेंत अनुच्छेद ३९-क आला. १९७९ सालीं हुसेनआरा खातून खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें गरीब आरोपीस वकील मिळणें हा हक्क ठरविला. तो निर्णय देणारे न्या. पी. एन. भगवती हे वरील समितीच्या अध्यक्षांचेच पुत्र होत. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला आणि जिल्हा व तालुका पातळीवर साहाय्याची व्यवस्था उभी राहिली.

दुसरी वाट औषधोपचारांच्या हक्काची. आगगाडींतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुरास कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं परत पाठविलें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास भरपाई देवविली व तातडीचा उपचार नाकारणें हा जगण्याच्या हक्कावर घाला होय असें सांगितलें. २००६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीनें देण्याची योजना घालून दिली. २०१२ सालीं पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांवर कुटुंबास वर्षाकांठीं दीड लाख रुपयांपर्यंत उपचार देणारी योजना आठ जिल्ह्यांत निघाली, २०१३ सालीं ती राज्यभर पसरली, आणि २०१७ पासून ती महात्मा फुले ह्यांच्या नांवानें चालते.

दोन्ही वाटा जेथें मिळतात तेंच मर्माचें ठिकाण होय. योजना उपचार देते, पण कागद मागते. शिधापत्रिकेंत सुनेचें नांव चढलेलें नसतें. आधारपत्रावर एक अक्षर निराळें पडतें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारखें संकट आलें कीं छपराबरोबर दप्तरहि जातें. अशा वेळीं औषधापूर्वीं अर्ज लिहावा लागतो, आणि नकार आल्यास दाद मागावी लागते. हें काम विधि स्वयंसेवक व समितीचा वकील करूं शकतात. २००२ च्या दुरुस्तीनें रुग्णालय व विमा ह्यांसंबंधींचे तंटे कायम लोक अदालतीपुढें, दावा लावण्यापूर्वींच, फीवांचून नेण्याची सोय झाली आहे.

ह्या कायद्यांतील एक गोष्ट हर्णेच्या घराघरांत ठाऊक असावयास हवी. स्त्रिया, बालकें, अनुसूचित जाति-जमातींचीं माणसें, अपंग व आपद्ग्रस्त ह्यांना साहाय्य मागतांना उत्पन्नाचा दाखला लागत नाहीं. लिलावांत घेतलेली मासळी डोक्यावर घेऊन गांवोगांव विकणारी कोळीण केवळ स्त्री म्हणून ह्या वकिलाची अधिकारी आहे. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनि केला तरी पुरे.

तरीहि फुकटचा वकील म्हणजे दुय्यम वकील, आणि फुकटचें औषध म्हणजे उपकार, ही समजूत अजून गेलेली नाहीं. इतिहास निराळें सांगतो. नादारी ही माफी होती. विधिसाहाय्य हा हक्क आहे. माफी मागणारा खालीं पाहतो, हक्क मागणारा समोर पाहतो. एवढा फरक पडण्यास ह्या देशाला जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं. तो ज्यांच्यासाठीं पडला त्यांच्या कानांवर घालणें हें सुशिक्षितांचें काम आहे.