ठसका लागलाच नाही

नाना कल्पित आहेत, पुढचा क्रम मात्र नाही. मेडिसिनच्या वॉर्डातली कुठलीही जुनी सिस्टर तो तोंडपाठ सांगेल. वय 81. दोन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका. हात-पाय बरेच सावरले. घशाकडे कुणी पाहिलं नाही.

रात्री 8. उरले 19 तास.
नाना पलंगावर उशांना टेकून अर्धवट आडवे. सूनबाई वरणभात भरवताहेत. "अजून दोन घास, नाना. पोटात काहीच गेलं नाही तुमच्या." मध्ये पाण्याचा घोट. अशा घशाला भातापेक्षा पाणी अवघड जातं. ते इतक्या वेगाने उतरतं की श्वासनलिका मिटायला वेळच मिळत नाही. थोडं पाणी आणि दोन-चार शितं भलत्या वाटेने जातात. ठसका लागत नाही, कारण झटक्याने घशाची जाणीवच बोथट केली आहे. खूण एकच: "पुरे" म्हणताना नानांचा आवाज ओला, गुळगुळ करणारा येतो. इथे थांबायचं, ताठ बसवायचं, खाकरायला लावायचं. पण टीव्ही चालू आहे.

8.30. जेवण झालं की लगेच आडवं केलं. निदान अर्धा तास बसवायला हवं होतं.

9.00. उरले 18 तास.
झोपेची गोळी दिली. कवळी तोंडातच. लुळ्या बाजूच्या गालात भाताचा गोळा तसाच अडकलेला, जिभेवर पांढरा थर. खरा दारूगोळा हा. फुप्फुसात नुसतं पाणी गेलं तर बऱ्याचदा निभावतं. घाण तोंडातले जंतू घेऊन गेलेली लाळ निभावू देत नाही. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं तोंड जेवणानंतर नेमाने साफ केलं जाई, त्यांच्यापैकी 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला. बाकीच्यांपैकी 19 टक्क्यांना. खर्च काय, तर एक ब्रश आणि पाच मिनिटं.

रात्री 2. उरले 13 तास.
गोळीच्या गुंगीत लाळ झिरपतेच आहे. उजवी श्वासवाहिनी रुंद आणि सरळ, म्हणून बहुतेक ऐवज उजव्या फुप्फुसात जातो.

सकाळी 7. उरले 8 तास.
नाना नातवाला भलत्याच नावाने हाक मारतात. अंगाला हात लावून पाहिलं, ताप नाही. या वयात न्यूमोनिया तापाऐवजी अशा बरळण्यातून दिसू शकतो. "झोप नीट झाली नसेल," म्हणत पेंगुळलेल्या तोंडात चमच्याने चहा. ही दुसरी खेप.

11.00. उरले 4 तास.
श्वास मिनिटाला 28. कुणी मोजला नाही.

दुपारी 3.
ओठ निळसर, ऑक्सिजन 84. रिक्षा, कॅज्युअल्टी, एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली पांढरा डाग. यातून उठणारे असतात. न उठणारेही कमी नसतात.

घरातल्या कुणाला पॅरालिसिसचा झटका आला असेल तर दवाखान्यातून घरी नेण्याआधी विचारा: गिळण्याची तपासणी झाली का? ती स्पीच थेरपिस्ट करतात. पेशंटचं बोलणं स्पष्ट असलं, तरी विचारा.