हिवाळी सुटीतील रात्रीचा रेल्वेप्रवास : पूर्वतयारी

नाताळची सुटी जवळ आली, की महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना उत्तरेचे वेध लागतात. आग्रा, दिल्ली, हरिद्वार, अमृतसर, वाराणसी ही ठिकाणे याच दिवसांत पाहावीत, असे पूर्वापार मानले जाते. आजही बहुसंख्य कुटुंबे या प्रवासासाठी रेल्वेचाच आधार घेतात. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल असो वा पुण्याहून निघणारी झेलम एक्स्प्रेस, या गाड्यांत प्रवाशाला एक किंवा दोन रात्री काढाव्या लागतात. मुंबई किंवा पुण्याच्या फलाटावर स्वेटरची आठवणही होत नाही. परंतु सातपुडा ओलांडून गाडी माळव्याच्या पठारावर आली, की हवा पालटते आणि झाशी-ग्वाल्हेरच्या पुढे रात्री अक्षरशः बोचऱ्या होतात. मुंबईत जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारणतः १६ ते १८ अंशांच्या आसपास असते, तर दिल्लीत त्या महिन्याचे सरासरी किमान तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरते. हा फरक ध्यानात न घेता निघालेल्या प्रवाशाची, विशेषतः घरातील वृद्धांची व लहान मुलांची रात्र अत्यंत कष्टाची जाते. ही तयारी घरूनच करावयाची असते.

आरक्षण : साठ दिवसांचे गणित

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली. प्रवासाचा दिवस या मुदतीत धरला जात नाही. म्हणजेच २५ डिसेंबरला सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण २६ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता खुले होते. हा हिशेब गाडी ज्या स्थानकातून मुळात सुटते, तेथील तारखेवरून केला जातो. गाडी मधल्या स्थानकावर दुसऱ्या दिवशी येत असेल, तर ही बाब विशेषत्वाने लक्षात घ्यावी. परतीचे तिकीट त्याच्या तारखेनुसार नंतर मिळते. त्यामुळे जाण्याचे आरक्षण झाले, म्हणून निश्चिंत होऊ नये.

मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत एक चूक वर्षानुवर्षे घडत आली आहे. २६ तारखेच्या ००.१५ वाजताची गाडी पकडण्यासाठी २५ तारखेच्या रात्रीच स्थानकावर असावे लागते. २६ च्या रात्री पोहोचलेल्या कुटुंबाची गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते. तिकीट हाती येताच तारीख, वार व वेळ घरातील दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी.

तत्काळ आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहा वाजता व स्लीपर वर्गासाठी अकरा वाजता सुरू होते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारने पडताळणी झालेले खाते बंधनकारक आहे. ही पडताळणी ऐनवेळी न करता आधीच उरकून घ्यावी.

प्रतीक्षा यादीतील ऑनलाइन तिकीट अंतिम यादी तयार होईपर्यंत निश्चित झाले नाही, तर ते आपोआप रद्द होते आणि अशा तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. 'आरएसी' तिकिटावर मात्र प्रवास करता येतो. त्यात साइड लोअर बर्थ दोघांना मिळून बसण्यासाठी दिला जातो. थंडीच्या रात्री वृद्ध व्यक्तीने असा प्रवास करावा का, याचा विचार घरातच व्हावयास हवा. यादी पूर्वी गाडी सुटण्याच्या सुमारे चार तास आधी तयार होत असे. २०२५ पासून ती पुष्कळ आधी तयार करण्यास प्रारंभ झाला आहे. त्यामुळे पर्यायी व्यवस्थेला थोडा अवधी मिळतो.

बर्थची निवड

स्लीपर डब्यात आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. बर्थच्या क्रमांकाला आठने भागून बाकी १ किंवा ४ उरली, तर तो खालचा, २ किंवा ५ उरली, तर मधला, ३ किंवा ६ उरली, तर वरचा असतो. बाकी ७ असल्यास साइड लोअर आणि आठने पूर्ण भाग गेल्यास साइड अप्पर. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ७२ व नव्या एलएचबी डब्यात ८० बर्थ असतात.

उन्हाळ्यात हवाहवासा वाटणारा खिडकीजवळचा बर्थ हिवाळ्यात त्रासदायक ठरतो. स्लीपरच्या खिडकीला काच व पत्र्याची झडप असली, तरी फटींतून वारा आत येतोच. साइड लोअर बर्थची संपूर्ण लांबी खिडक्यांना लागून असते. शिवाय दोन आसनांच्या पाठी आडव्या करून तो तयार होत असल्याने मध्ये फटही राहते. थंडीच्या दृष्टीने तो सर्वांत गैरसोयीचा होय. दाराजवळच्या पहिल्या व शेवटच्या कप्प्यांत दार उघडले, की गार झोत येतो. डब्याच्या मध्यभागातील वरचा बर्थ त्या मानाने उबदार असतो. तरुण मंडळींनी तो घ्यावा. वृद्धांना मात्र चढउतार शक्य नसल्याने खालचाच बर्थ आवश्यक असतो. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी काही खालचे बर्थ राखीव असतात. त्याचा लाभ मिळावा म्हणून आरक्षण करताना वय अचूक नोंदवावे. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.

धुके आणि वेळापत्रक

उत्तर भारतात डिसेंबर व जानेवारीत पडणारे धुके हा या प्रवासातील सर्वांत अनिश्चित घटक. दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली, की हवामान खाते त्यास दाट धुके म्हणते. ती ५० मीटरच्या खाली गेली, तर अतिदाट. इंजिनचालकाला सिग्नल दिसेनासा झाला, की वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. आता इंजिनात उपग्रहाच्या आधारे पुढील सिग्नलची पूर्वसूचना देणारे उपकरण बसविले जाते. सिग्नलच्या अलीकडे रुळांवर आवाज करणारे फटाकेही ठेवले जातात. असे असले, तरी गाड्यांना काही तासांचा उशीर होणे हे या दिवसांत नवलाचे नाही. उत्तरेकडून उशिरा आलेलीच गाडी पुन्हा परतीला निघत असल्यामुळे हा उशीर निरभ्र आकाशाच्या मुंबईतही जाणवतो. काही गाड्या या काळात रद्द केल्या जातात, तर काहींच्या फेऱ्या घटविल्या जातात.

यास्तव पोहोचण्याच्या दिवशी कोणताही ठरावीक वेळेचा कार्यक्रम ठेवू नये. पुढची गाडी पकडावयाची असल्यास दोन्ही गाड्यांमध्ये पुरेसे अंतर असावे. १ एप्रिल २०१९ पासून दोन्ही प्रवासांचे पीएनआर परस्परांशी जोडण्याची सोय आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यास, नियमांच्या चौकटीत, न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्दीकरणाची कपात न होता परत मिळू शकतात. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि प्रवास करावयाचा नसेल, तर गाडी प्रत्यक्षात सुटण्यापूर्वी टीडीआर भरल्यास पूर्ण परतावा मागता येतो. घरून निघण्यापूर्वी गाडीची स्थिती १३९ या क्रमांकावर किंवा रेल्वेच्या अधिकृत चौकशी सेवेवर अवश्य पाहावी. गारठलेल्या फलाटावर चार तास काढण्यापेक्षा ते घरी काढलेले बरे.

पांघरूण व कपडे

स्लीपर वर्गात सर्वसाधारणपणे अंथरूण-पांघरूण मिळत नाही आणि डबा उबदार ठेवण्याची कोणतीही व्यवस्था नसते. वातानुकूलित शयनयानात दोन चादरी, उशी व ब्लँकेट पुरविले जाते. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतले जाते, असे रेल्वेने २०२४ मध्ये स्पष्ट केले होते. म्हणून एक चादर खाली अंथरून दुसरी अंगाला लागेल अशा रीतीने ब्लँकेटच्या आत घ्यावी.

स्लीपरने जाणाऱ्यांनी माणशी एक जाड पांघरूण न्यावे. गोधडी, घोंगडी किंवा दुहेरी सोलापुरी चादर यांपैकी काहीही चालते. निम्मे पांघरूण खाली घेता यावे इतके ते मोठे असावे, कारण बर्थचे रेक्झिन रात्री थंडगार पडते. एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक घातलेले दोन-तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात. दिवसा उकडू लागल्यास ते एकेक उतरविताही येतात. कान, मान व पावले यांतून थंडी प्रथम जाणवते. त्यामुळे कानटोपी, मफलर व लोकरी मोजे यांना पर्याय नाही. खिडकीच्या फटींत घालण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे व एखादा जुना टॉवेल बरोबर असावा.

हे सर्व मोठ्या बॅगेच्या तळाशी गेले, तर त्याचा उपयोग शून्य. रात्री लागणारे कपडे व पांघरूण स्वतंत्र पिशवीत भरावे आणि ती पिशवी दिवे मालवण्यापूर्वीच बर्थवर घ्यावी.

शिदोरी

थंडीच्या दिवसांत पदार्थ उन्हाळ्यापेक्षा अधिक टिकतात, ही या प्रवासातील जमेची बाजू. दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, तिळाची वडी, गुळपोळी, डिंकाचे वा मेथीचे लाडू, चिवडा ही शिदोरी दोन दिवस सहज पुरते. ओल्या नारळाचे व रश्शाचे पदार्थ पहिल्याच जेवणात संपवावेत. संत्री व पेरू ही या मोसमातील फळे सोलण्या-कापण्याची फारशी खटपट न करता खाता येतात. गाडीला उशीर होणार हे गृहीत धरून एका जेवणाइतके अन्न जास्तीचे घ्यावे. उशिरा धावणारी गाडी जेवणाच्या वेळी मोठ्या स्थानकावर असेलच, याची शाश्वती नसते.

तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे टळते आणि दुसऱ्या दिवशी डोके जड होते. त्यासाठी थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवावे. रात्री उठावे लागेल या धास्तीने वृद्ध पाणीच टाळतात. त्यांना दिवसभरात आग्रहाने पाणी द्यावे.

औषधे, वृद्ध व मुले

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार व दमा यांची औषधे हातातल्या पिशवीत असावीत आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्तीची असावीत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. थंड, कोरड्या हवेने दमा बळावू शकतो. अशा रुग्णाने इन्हेलर उशाशीच ठेवावा. प्रवासात कोणी आजारी पडल्यास १३९ वर कळवून पुढील स्थानकावर वैद्यकीय मदत मागता येते. लहान मुलांचे कपडे रात्री ओले झाल्यास त्वरित बदलता यावेत म्हणून दोन कोरडे जोड वरच राहू द्यावेत.

सामान आणि सुरक्षितता

स्लीपर व तृतीय वातानुकूलित वर्गात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. खालच्या आसनाखालील कडीला साखळी व कुलूप लावून मोठ्या बॅगा अडकवाव्यात. पैसे, मोबाइल, चष्मा व ओळखपत्र मात्र अंगावर किंवा उशाखाली असावे. ई-तिकिटावरील किमान एका प्रवाशाजवळ मूळ ओळखपत्र असणे आवश्यक आहे. काही गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत मोबाइल चार्जिंगचे प्लग बंद ठेवले जातात, याची नोंद घ्यावी. लहान विजेरी जवळ असलेली बरी.

गारठ्यावर उपाय म्हणून डब्यात स्टोव्ह, शेगडी वा गॅसची टाकी नेणे हा गंभीर गुन्हा आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी डब्यात बेकायदा नेलेल्या गॅसच्या टाकीमुळे आग लागली. त्यात नऊ यात्रेकरूंचा मृत्यू झाला. अनेक कुटुंबे एकत्र निघाली असता 'चहापुरताच' म्हणून कोणी असे काही आणले असेल, तर भीड न बाळगता ते स्थानकाबाहेरच ठेवावयास लावावे.

रात्र व पहाट

मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच उघडा ठेवावयाचा असतो. वृद्धांना लवकर झोपावयाचे असल्यास शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे. दहाच्या आत जेवण, औषधे व अंथरूण आटोपून घेतले, म्हणजे सर्वांनाच निवांत झोप मिळते. खिडकीची काच व झडप दोन्ही खाली असल्याची खात्री करावी, पादत्राणे हाताला लागतील अशी ठेवावीत आणि स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वृद्धांसोबत एकाने अवश्य जावे, कारण झोपेतून उठून थेट दाराजवळच्या गार वाऱ्यात गेल्याने तोल जाण्याचा संभव असतो.

पहाटे उतरावयाचे असल्यास वेळापत्रकातील वेळेवर गजर लावून भागत नाही. झोपण्यापूर्वी गाडीचा उशीर पाहावा, नियोजित वेळेच्या अर्धा तास आधीचा गजर ठेवावा आणि जाग आल्यावर गाडी नेमकी कोठे आहे, हे पुन्हा तपासावे. धुक्यात फलाटावरील पाट्या दिसत नाहीत. केवळ गाडी थांबली म्हणून घाईने उतरू नये. अंगावरील गरम कपडे डब्यातच उतरवू नयेत, कारण फलाटावरचा गारठा डब्यातील गारठ्याहून अधिक असतो. अपरात्री पोहोचल्यास लगेच अनोळखी रस्त्यावर न जाता उजाडेपर्यंत स्थानकाच्या प्रतीक्षालयात थांबावे. पीएनआरच्या आधारे विश्रामगृहातील खोलीही आगाऊ राखून ठेवता येते. निवासाच्या ठिकाणी गाडीच्या उशिराची कल्पना दूरध्वनीने दिलेली असावी, अन्यथा राखून ठेवलेली खोली दुसऱ्यास दिली जाण्याची शक्यता असते.